थायरॉइडच्या गाठीचा सोनोग्राफी रिपोर्ट कसा वाचावा आणि कर्करोगाची शक्यता कशी समजून घ्यावी

मानेची सोनोग्राफी होते. कधी गळ्याशी सूज जाणवली म्हणून, तर कधी मानेच्या रक्तवाहिन्या बघायच्या होत्या म्हणून. रिपोर्टमध्ये एक ओळ येते: थायरॉइडच्या उजव्या लोबमध्ये १४ मिलिमीटरची गाठ, टीआय-रॅड्स ४, मॉडरेटली सस्पिशियस. 'सस्पिशियस' हा शब्द वाचला की पुढचं काही डोक्यात शिरत नाही. पुढचे दिवस इंटरनेटवर शोधण्यात आणि रात्री जागून काढण्यात जातात. त्या ओळीत नेमकं काय लिहिलंय हे शांतपणे वाचता आलं, तर त्यातली बरीचशी भीती टळू शकते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा. सोनोग्राफी कर्करोगाचं निदान करत नाही. गाठ कशी दिसते आणि केवढी आहे, एवढंच ती सांगते. या दोन्हींवरून डॉक्टरांना ठरवायचं असतं की गाठीतून सुईने पेशी घ्यायच्या, नुसतं लक्ष ठेवायचं, की काहीच करायचं नाही. रिपोर्टमधला टीआय-रॅड्सचा आकडा, म्हणजे गाठीच्या रूपावरून ठरवलेला संशयाचा गट, या प्रश्नाच्या उत्तरासाठी असतो. तो कर्करोगाचा टप्पा नाही. 'टीआय-रॅड्स ४' म्हणजे चौथ्या स्टेजचा कॅन्सर असा समज करून घेणारे बरेच जण असतात, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितो आहे. स्टेज फक्त कर्करोग सिद्ध झाल्यावर ठरते, आणि तिचा या आकड्याशी काहीही संबंध नसतो.

थायरॉइडच्या गाठी अतिशय सामान्य आहेत. सरसकट प्रौढांची सोनोग्राफी केलेल्या वेगवेगळ्या अभ्यासांत १९ ते ६८ टक्के लोकांमध्ये गाठी सापडल्या आहेत. स्त्रियांमध्ये आणि वाढत्या वयात हे प्रमाण जास्त असतं. तपासणीच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेल्या गाठींपैकी साधारण ७ ते १५ टक्के गाठी कर्करोगाच्या निघतात. बाकीच्या साध्या असतात: कोलॉइड (थायरॉइडमधला चिकट द्रव) साठून झालेल्या, पाण्याच्या, किंवा पेशींची निरुपद्रवी वाढ झालेल्या.

आधी टीएसएच आणि स्वतःची माहिती

रिपोर्ट वाचण्याआधी रक्तातल्या टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या हार्मोनचा, आकडा शेजारी ठेवा. गाठ सापडल्यावर करायची पहिली रक्ततपासणी हीच. टीएसएच कमी आला असेल, तर गाठ स्वतःच जास्तीचं हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते. अशा वेळी किरणोत्सारी द्रव्य वापरून थायरॉइडचा स्कॅन करतात. त्यात गाठ 'हॉट' दिसली, म्हणजे ती भरपूर द्रव्य ओढून घेते आहे असं दिसलं, तर ती कर्करोगाची असणं फारच विरळ. तिथे बहुतेक वेळा सुईची गरज पडत नाही, उपचार करायचा तो वाढलेल्या हार्मोनवर.

टीएसएच नॉर्मल आला म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही. थायरॉइडचा कर्करोग असलेल्या बहुतेकांचे टी३, टी४ (थायरॉइड तयार करतं ती हार्मोन्स) आणि टीएसएच अगदी ठीक असतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे: थायरॉइड कमी काम करतं म्हणून गोळी चालू आहे, याचा अर्थ गाठ वाईट आहे असा होत नाही. केस किंवा नखांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्यांच्यामुळे काही प्रयोगशाळांमधले थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता तुमची स्वतःची माहिती. लहानपणी मानेला किंवा डोक्याला रेडिएशन दिलं होतं का? आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का, विशेषतः मेड्युलरी प्रकारचा, जो कमी आढळतो पण काही घरांत पिढ्यानपिढ्या चालतो? गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली का? आवाज घोगरा होऊन तसाच राहिला आहे का? गाठ दुसऱ्या कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये (पीईटी, किरणोत्सारी साखर टोचून केलेला स्कॅन) चमकली म्हणून सापडली का? पेट स्कॅनमध्ये नेमकी एका जागी चमकणाऱ्या थायरॉइडच्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश कर्करोगाच्या निघतात. म्हणजे इथे धोका नेहमीपेक्षा बराच जास्त. यातलं काहीही सोनोग्राफीच्या आकड्यात धरलेलं नसतं. रेडिओलॉजिस्ट चित्र बघून गुण देतो, त्याला तुमचा इतिहास ठाऊक असेलच असं नाही. म्हणून हे सगळं कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. घरात मेड्युलरी कर्करोग झालेला असेल तर रक्तातलं कॅल्सिटोनिन (या कर्करोगात वाढणारं हार्मोन) तपासण्याबद्दल जरूर विचारा.

मूल किंवा किशोरवयीन मुलाच्या गाठीला खाली दिलेले आकाराचे नियम जसेच्या तसे लावू नयेत. त्या वयात गाठी कमी सापडतात, पण सापडलेल्यांत कर्करोगाचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं.

रिपोर्टमधलं वर्णन वाचा, फक्त शेवटची ओळ नको

सगळ्यांची नजर आधी 'इम्प्रेशन'वर जाते. खरी माहिती त्याच्या वरच्या परिच्छेदात असते. तिथे गाठीची पाच लक्षणं लिहिलेली असायला हवीत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ साली जाहीर केलेली टीआय-रॅड्स पद्धत या पाच लक्षणांना गुण देते आणि त्यांची बेरीज करते. ही बेरीज तुम्हालाही करता येते.

पहिलं लक्षण, गाठ कशाची बनली आहे. पूर्ण पाण्याची किंवा जवळजवळ पूर्ण पाण्याची असेल तर शून्य गुण. बारीक बारीक पोकळ्यांनी भरलेली, स्पंजासारखी असेल तर तिला 'स्पाँजिफॉर्म' म्हणतात, तिलाही शून्य. या दोन्ही प्रकारांत पुढचे गुण मोजायचेच नसतात, कारण अशा गाठीत कर्करोग असण्याची शक्यता नगण्य. थोडी भरीव, थोडी पाण्याची असेल तर १ गुण. पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण भरीव असेल तर २. रिपोर्टमध्ये 'सिस्टिक', 'मिक्स्ड', 'सॉलिड' असे शब्द दिसतील.

दुसरं लक्षण, गाठ पडद्यावर किती काळी दिसते. ध्वनिलहरी जिथून जास्त परततात तिथे उजळ दिसतं. आजूबाजूच्या थायरॉइडइतकी उजळ गाठ 'आयसोएकोइक' आणि जास्त उजळ ती 'हायपरएकोइक'. दोन्हींना १ गुण. थायरॉइडपेक्षा काळपट ती 'हायपोएकोइक', २ गुण. मानेतल्या पट्ट्यासारख्या स्नायूंपेक्षाही काळी असेल तर ३. 'हायपोएकोइक' हा शब्द रिपोर्टमध्ये फार वेळा येतो आणि लोक त्याला घाबरतात. निव्वळ काळपट असणं पुरेसं नाही. अनेक साध्या गाठीही काळपट दिसतात.

तिसरं लक्षण आकाराच्या ठेवणीचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात लक्ष देऊन बघावं. मानेच्या आडव्या छेदात गाठ रुंदीपेक्षा उंच, म्हणजे डावीकडून उजवीकडे जितकी पसरली आहे त्यापेक्षा पुढून मागे जास्त वाढलेली दिसली, तर तिला थेट ३ गुण. रिपोर्टमध्ये हे 'टॉलर दॅन वाइड' असं लिहितात. साधी गाठ पेशीजालाच्या थरांना धरून आडवी पसरते, तर कर्करोगाची गाठ थर ओलांडून वाढू शकते. म्हणूनच हे लक्षण फार गाठींत दिसत नाही, पण दिसलं की त्याला वजन असतं. 'वाइडर दॅन टॉल' असेल तर शून्य.

चौथं लक्षण, कडा. गुळगुळीत कडेला शून्य. अस्पष्ट, नीट न दिसणाऱ्या कडेलाही शून्य, हे पुष्कळांना माहीत नसतं. 'इल-डिफाइन्ड' वाचून घाबरायचं कारण नाही. कंगोरेदार किंवा वेडीवाकडी, आजूबाजूला टोकं घुसलेली कड असेल तर २ गुण. गाठ थायरॉइडच्या बाहेर गेलेली स्पष्ट दिसत असेल तर ३.

पाचवं, गाठीतले चमकणारे ठिपके. इथे फरक समजून घेणं महत्त्वाचं. शेपटीसारखी मोठी चमक मागे सोडणारे ठिपके, ज्यांना 'कॉमेट टेल' म्हणतात, ते साधारणपणे कोलॉइडमुळे दिसतात आणि त्यांना शून्य गुण. कॅल्शियमचे मोठे खडे, 'मॅक्रोकॅल्सिफिकेशन', १ गुण. गाठीच्या कडेभोवती कॅल्शियमची कडी असेल तर २. आणि टाचणीच्या टोकाएवढे बारीक, मागे सावली किंवा मोठी शेपटी न सोडणारे ठिपके असतील तर ३. पॅपिलरी या थायरॉइडच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगात कॅल्शियमचे सूक्ष्म कण साठतात, ते असेच दिसतात. एकाच गाठीत यातले अनेक प्रकार असले तर त्यांचे गुण एकत्र धरायचे.

या पाचपैकी एखादं लक्षण रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नसेल, तर रेडिओलॉजिस्टकडे ते मागण्यात काही गैर नाही. 'उजव्या बाजूला गाठ, टीआय-रॅड्स ४' एवढ्यावर कुणीही निर्णय घेऊ नये.

बेरीज आणि आकार

बेरजेवरून गट ठरतो (टीआय-रॅड्सचा गट थोडक्यात 'टीआर' असा लिहितात), आणि गट व आकार मिळून पुढचं पाऊल:

- ० गुण, टीआर १: साधी गाठ. सुई नको.
- २ गुण, टीआर २: संशय नाही. सुई नको.
- ३ गुण, टीआर ३: किंचित संशय. २.५ सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर सुई, १.५ पासून लक्ष ठेवायचं.
- ४ ते ६ गुण, टीआर ४: मध्यम संशय. १.५ सेंटिमीटरपासून सुई, १ पासून लक्ष.
- ७ किंवा जास्त, टीआर ५: जास्त संशय. १ सेंटिमीटरपासून सुई, अर्ध्या सेंटिमीटरपासून लक्ष.

यात लांबी, रुंदी, खोली यांपैकी सर्वांत मोठं माप धरतात. रिपोर्ट मिलिमीटरमध्ये असेल तर दहाने भागा. १४ मिलिमीटर म्हणजे १.४ सेंटिमीटर. ही साधी गोष्ट काळजीत असताना हमखास गोंधळ घालते.

आता सुरुवातीची गाठ घेऊ. समजा ती भरीव आहे, २ गुण. काळपट आहे, आणखी २. रुंदीला जास्त, कड गुळगुळीत, ठिपके नाहीत, म्हणजे तिन्ही शून्य. बेरीज ४, गट टीआर ४, आकार १.४ सेंटिमीटर. सुईची मर्यादा १.५, लक्ष ठेवण्याची १. म्हणजे या पद्धतीप्रमाणे आत्ता सुई नाही, एक वर्षाने पुन्हा सोनोग्राफी. ज्या ओळीने झोप उडवली, तिचा अर्थ एवढाच निघतो.

दुसरी गाठ ३.२ सेंटिमीटरची, बाहेरून हाताला लागणारी, पण पूर्ण स्पंजासारखी. शून्य गुण, सुई नको. तिसरी जेमतेम १.१ सेंटिमीटरची: भरीव २, काळपट २, उंच ठेवण ३, बारीक ठिपके ३. बेरीज १०, टीआर ५, सुई हवी. मोठी गाठ जास्त धोक्याची असं मनात पक्कं बसलेलं असतं. रूप आधी आणि आकार नंतर, हा क्रम या दोन उदाहरणांतून लक्षात ठेवा. मोठी साधी गाठ गिळताना अडथळा करत असेल, श्वासनलिकेवर दाब देत असेल किंवा दिसायला खटकत असेल, तर तिच्यावर उपचार करता येतात. पण तो कर्करोगाचा प्रश्न नाही.

टक्केवारी कशी वाचायची

३,४२२ गाठींच्या एका अमेरिकी अभ्यासात या गटांमध्ये कर्करोगाचं प्रमाण असं निघालं: टीआर १ मध्ये ०.३ टक्के, टीआर २ मध्ये १.५, टीआर ३ मध्ये ४.८, टीआर ४ मध्ये ९.१ आणि टीआर ५ मध्ये ३५ टक्के. हे आकडे उलटे करूनही वाचा. टीआर ४ च्या १०० गाठींपैकी ९१ साध्या. अगदी 'हायली सस्पिशियस' लिहिलेल्या १०० पैकी ६५ साध्या. केंद्रानुसार आणि तिथे येणाऱ्या रुग्णांनुसार हे आकडे मागेपुढे होतात, विशेषतः वरच्या दोन गटांत.

इथे एक सापळा आहे. जगात एकच टीआय-रॅड्स नाही. युरोपीय पद्धतीत १ म्हणजे गाठच नाही, २ म्हणजे साधी गाठ, आणि सुईच्या मर्यादा ३ साठी २ सेंटिमीटरच्या वर, ४ साठी १.५ च्या वर, ५ साठी १ च्या वर. कोरियन पद्धतीच्या मर्यादा आणखी वेगळ्या. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तर आकडेच नाहीत, शब्द आहेत: व्हेरी लो, लो, इंटरमीडिएट, हाय सस्पिशन. त्यात इंटरमीडिएट गाठीला १ सेंटिमीटरपासूनच सुई सुचवली आहे. त्यामुळे वरच्या १.४ सेंटिमीटरच्या भरीव, काळपट गाठीला एक डॉक्टर 'थांबू या' म्हणतील आणि दुसरे 'सुई करून घेऊ'. दोघांपैकी कुणी चुकलं असं नाही. ते वेगवेगळ्या पद्धती वापरत आहेत. रिपोर्टमध्ये पद्धतीचं नाव नसेल तर 'हा आकडा कुठल्या टीआय-रॅड्सचा?' हा पहिला प्रश्न विचारा.

लहान गाठीला सुई का टोचत नाहीत

संशय असूनही ८ मिलिमीटरच्या गाठीला 'नुसतं लक्ष ठेवू' असं ऐकलं की रुग्णाला वाटतं, आपल्याकडे दुर्लक्ष होतंय. कर्करोग लहान असतानाच पकडायला हवा, हेच तर आपण कायम ऐकत आलोय. थायरॉइडच्या बाबतीत मात्र दक्षिण कोरियाचा अनुभव समोर ठेवावा लागतो. तिथे १९९९ नंतर राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रमाबरोबर थायरॉइडची सोनोग्राफीही लोक मोठ्या संख्येने करून घेऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान होण्याचा दर १९९३ च्या सुमारे १५ पट झाला. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास होतं तेवढंच राहिलं. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर काहीच त्रास दिला नसता असे असंख्य बारीक कर्करोग शोधले गेले, आणि त्यासाठी माणसांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांच्यापैकी अनेकांना आयुष्यभराची गोळी लागली, काहींना कॅल्शियम कमी होण्याचा किंवा आवाज बिघडण्याचा त्रास झाला. लक्षणं नसलेल्या प्रौढांची सरसकट थायरॉइड तपासणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिगटाने २०१७ मध्ये केली.

जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने उलट्या दिशेने पाऊल टाकलं. १९९३ पासून तिथे १ सेंटिमीटरपर्यंतचे, कमी धोक्याचे पॅपिलरी कर्करोग सिद्ध होऊनही, रुग्णाच्या संमतीने शस्त्रक्रिया न करता नियमित तपासत ठेवले. १,२३५ रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांत साधारण ८ टक्के गाठी ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढल्या आणि ३.८ टक्के रुग्णांत मानेतल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींत) कर्करोग दिसला. त्यांच्यावर तेव्हा शस्त्रक्रिया झाली आणि थायरॉइडच्या कर्करोगाने कुणीही दगावलं नाही. सिद्ध झालेल्या छोट्या कर्करोगातही थांबणं इतकं सुरक्षित ठरत असेल, तर नुसत्या संशयाच्या ८ मिलिमीटरच्या गाठीसाठी थांबणं हा विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय आहे.

याला अपवाद आहेत. लहान गाठ श्वासनलिकेला चिकटून असेल, आवाजाच्या नसेच्या वाटेवर असेल, किंवा शेजारचे लिम्फ नोड संशयास्पद असतील, तर १ सेंटिमीटरच्या आतही सुईचा विचार करतात.

आकड्याबाहेरच्या ओळी

लिम्फ नोडची ओळ शोधा. 'नो सस्पिशियस लिम्फ नोड्स' असं लिहिलेलं असावं. मानेत लिम्फ नोड दिसणं स्वाभाविक आहे. लांबट आकाराचे आणि मध्ये चरबीचा उजळ पट्टा शाबूत असलेले नोड साधे समजतात. गोल झालेला, तो पट्टा हरवलेला, आत बारीक कॅल्शियम किंवा पाणी असलेला नोड मात्र गाठीच्या गुणांपेक्षा महत्त्वाचा. तसा दिसला तर त्या नोडमधूनही सुईने नमुना घ्यावा लागतो. मानेच्या बाजूच्या भागांचा उल्लेखच नसेल, तर ते बघितले होते का, हे विचारून घ्या.

अनेक गाठी असतील तर प्रत्येकीचे गुण वेगळे. गाठींची संख्या वाढली म्हणून धोक्याची बेरीज करायची नसते. सुई करायची झाली तर सर्वाधिक गुणांच्या एक किंवा दोन गाठींतून करतात, आणि त्या सर्वांत मोठ्या असतीलच असं नाही. गाठीतला रक्तप्रवाह वाढलेला आहे अशी ओळ असली तरी अमेरिकी टीआय-रॅड्समध्ये तिला गुण नाहीत. पूर्ण ग्रंथी 'हेटरोजीनिअस' म्हणजे खडबडीत दिसत असेल तर ते बहुधा हाशिमोटोसारख्या, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या थायरॉइडच्या दाहामुळे असतं. त्यात गाठ नसतानाही गाठीचा भास होऊ शकतो. आणि पाण्याच्या गाठीत अचानक रक्तस्राव झाला तर ती एका दिवसात फुगून दुखायला लागते. घाबरवणारा प्रकार, पण बहुतेक वेळा साध्या गाठीचाच.

सुईची तपासणी

एफएनएसी म्हणतात ती हीच. २५ ते २७ गेजची, म्हणजे रक्त काढायच्या नेहमीच्या सुईपेक्षा बारीक सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत गाठीत घालतात आणि पेशी घेतात. असं साधारण दोन ते चार वेळा करतात. काही मिनिटांचं काम असतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. सुई घातल्याने कर्करोग शरीरभर पसरतो ही भीती अनेकांना असते आणि तिच्यापायी तपासणी टाळली जाते. थायरॉइडच्या या बारीक सुईबाबत त्या भीतीला आधार नाही. गरोदरपणातही ही तपासणी करता येते. किरणोत्सारी स्कॅन मात्र तेव्हा करत नाहीत.

निकाल बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत येतो. टीआय-रॅड्सचा आकडा आणि बेथेस्डाचा आकडा यांची गल्लत करू नका. एक चित्राचा आहे, दुसरा पेशींचा. २०२३ च्या आवृत्तीत कर्करोगाची सरासरी शक्यता अशी दिली आहे: बेथेस्डा १, नमुना अपुरा, १३ टक्के; २, साधी, ४ टक्के; ३, अनिश्चित, २२ टक्के; ४, फॉलिक्युलर निओप्लाझम, ३० टक्के; ५, कर्करोगाचा संशय, ७४ टक्के; ६, कर्करोग, ९७ टक्के. हे आकडे मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या गाठींवरून काढलेले आहेत. साध्या ठरलेल्या बहुतेक गाठींवर शस्त्रक्रिया होतच नाही, त्यामुळे खालच्या गटांतला प्रत्यक्ष धोका याहून कमी असतो.

बेथेस्डा १ म्हणजे काही वाईट सापडलं असं नव्हे. पेशींचे किमान सहा समूह आणि प्रत्येकात निदान दहा पेशी मिळाल्या नाहीत तर पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही, म्हणून तपासणी पुन्हा करतात. ३ आणि ४ हे खरे अवघड गट. फॉलिक्युलर प्रकारात साधी गाठ आणि कर्करोग यांच्या पेशी सुईच्या नमुन्यात सारख्याच दिसतात. पेशींनी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, यावर फरक ठरतो, आणि ते पाहायला अख्खी गाठ लागते. कितीही कुशल पॅथॉलॉजिस्ट असला तरी सुईतून हे कळणार नाही. म्हणून गट ३ मध्ये पुन्हा सुई, जनुकीय चाचणी, लक्ष ठेवणं किंवा थायरॉइडचा तेवढाच अर्धा भाग काढणं असे पर्याय असतात. गट ४ मध्ये जनुकीय चाचणी किंवा अर्धा भाग काढण्याकडे कल असतो. लगेच पूर्ण ग्रंथी काढायचा सल्ला मिळाला तर कारण विचारा आणि दुसरं मत घ्या. तेवढा वेळ बहुतेक वेळा हातात असतो.

पाच आणि सहा गटांतही धावपळ क्वचितच लागते. थायरॉइडच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य पॅपिलरी प्रकारचे असतात आणि ते सावकाश वाढतात. ४ सेंटिमीटरच्या आतल्या, बाहेर न पसरलेल्या गाठीला पुष्कळदा अर्धी ग्रंथी काढणं पुरतं. तेव्हा 'पूर्ण का, अर्धी का नाही?' हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारलाच पाहिजे.

दोन्ही रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघा

ही पायरी हमखास राहून जाते. सुईचा निकाल 'साधी' आला की रुग्ण सुटकेचा निश्वास टाकतो आणि फाइल कपाटात जाते. टीआर ३ किंवा ४ ची गाठ आणि बेथेस्डा २ असेल तर ते योग्यच. एक ते दोन वर्षांनी एक सोनोग्राफी पुरे. पण चित्र टीआर ५ चं आणि पेशी साध्या, असं असेल तर दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत. सुई गाठीच्या नेमक्या भागात गेली नसण्याची शक्यता उरते. अशा वेळी वर्षाच्या आत सोनोग्राफी आणि सुई पुन्हा करावी असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या सूचना सांगतात. दोन्ही कागद एकाच डॉक्टरांसमोर एकाच वेळी ठेवा आणि 'हे दोन जुळतात का?' असं विचारा.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं

अमेरिकी टीआय-रॅड्सप्रमाणे टीआर ३ साठी १, ३ आणि ५ वर्षांनी, टीआर ४ साठी १, २, ३ आणि ५ वर्षांनी, तर टीआर ५ साठी पाच वर्षं दरवर्षी सोनोग्राफी. पाच वर्षांत काही बदल नसेल तर थांबता येतं. दर तीन महिन्यांनी तपासून घेतल्याने काही जास्त कळत नाही, काळजी तेवढी वाढते.

'गाठ वाढली' हे ठरवायचाही नियम आहे. तीनपैकी किमान दोन मापं २० टक्क्यांनी आणि प्रत्येकी किमान २ मिलिमीटरने वाढायला हवीत, किंवा आकारमान ५० टक्क्यांनी. आकारमानासाठी तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणतात. समजा पहिल्या वर्षी गाठ १२ × १० × ९ मिलिमीटर होती. पुढच्या वर्षी १३ × ११ × ९ आली, तर ती वाढ धरत नाहीत. दुसऱ्या हाताने, दुसऱ्या मशीनवर मोजलं तरी एवढा फरक पडतो. १५ × १२ × ९ आली तर मात्र दोन मापं नियमाइतकी वाढली आणि आकारमानही दीडपट झालं. साध्या गाठीही हळूहळू वाढतात, त्यामुळे वाढ म्हणजे कर्करोग असं नव्हे. पण सुईचा विचार पुन्हा करायला ती पुरेशी आहे. माप तेच राहून बारीक ठिपके नव्याने दिसले किंवा कड वेडीवाकडी झाली, तर ते किरकोळ वाढीपेक्षा महत्त्वाचं.

शक्यतो एकाच केंद्रात सोनोग्राफी करा. जुने रिपोर्ट आणि चित्रं दोन्ही बरोबर न्या, म्हणजे रेडिओलॉजिस्टला जुन्या मापांशी तुलना करता येईल. तुलना केली नसेल तर ती लिहून द्यायची विनंती करा. वहीत तारीख, गाठीची जागा, तिन्ही मापं, गुण, पद्धतीचं नाव आणि टीएसएच एवढं लिहून ठेवलं तरी डॉक्टर बदलले किंवा गाव सुटलं तर अडत नाही.

ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं ते अशा वेळी: गाठ काही आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतकी वाढली, हाताला दगडासारखी घट्ट आणि हलत नाही अशी लागली, आवाज बसून दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, गिळताना अडकायला लागलं किंवा मानेच्या बाजूला नवी गाठ हाताला लागली. आणि श्वास घेताना घरघर होऊ लागली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी इस्पितळात जा.